नळापासून पेल्यापर्यंत : जालना जिल्ह्यातील घरगुती पिण्याचे पाणी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत सामुदायिक आरोग्य विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत खाटा, शस्त्रक्रिया आणि नवी यंत्रसामग्री यांचा हिशेब मांडला जातो. यंदा आमच्या विभागाने विश्वस्तांकडे थोडा वेळ एका अगदी साध्या विषयासाठी मागून घेतला. तो विषय म्हणजे घरातील पिण्याचे पाणी. रुग्णालयाच्या सभेत पाण्यावर भाषण कशासाठी, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी पहिल्या पावसानंतर आमच्या बालरुग्ण विभागात एक फेरी मारावी. जुलाब-वांत्यांनी सुकलेली मुले, टाळू खोल गेलेली तान्ही बाळे तेथे दिसतात. शेजारच्या विभागांत विषमज्वराचे रुग्ण आणि काविळीने पिवळ्या पडलेल्या गरोदर स्त्रिया असतात. आम्ही सलाईन लावतो, औषधे देतो, रुग्ण बरा होऊन घरी जातो. त्यांतली काही मुले त्याच पावसाळ्यात पुन्हा आमच्या दारात येतात. औषधात चूक झालेली नसते. ते मूल ज्या माठाकडे परत गेले, तो माठ बदललेला नसतो.

जालना शहराला पाण्याची योजना नवी नाही. मलिक अंबरच्या काळात येथील अधिकारी जमशेदखान याने मोती तलावापासून भूमिगत नळ टाकून गावात पाणी आणले होते. काळी मशीदही त्याचीच. ती व्यवस्था काळाच्या ओघात बंद पडली. पुढे निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला आणि तेथील पाणी केवळ जमिनीच्या उताराने शहराकडे येऊ लागले. आज त्या जलाशयाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. हातात खराटा घेऊन गावोगाव फिरलेल्या माणसाचे नाव पाण्याच्या साठ्याला असावे, हे आम्हाला नेहमीच समर्पक वाटत आले आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात हा तलाव आटला, तेव्हा नागरिकांनी वर्गणी काढून त्यातला गाळ उपसला. त्याच सुमारास पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी अंबडमार्गे जलवाहिनीने जालन्यापर्यंत आले. २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण असे की, पाणी कोठून आणावे या प्रश्नावर आपल्या जिल्ह्याने चारशे वर्षे डोके चालवले आहे. ते स्वाभाविकही आहे. आपल्या पायाखाली काळा बसाल्ट खडक आहे. त्याच्या वरच्या मुरुमाच्या थरात जेवढे पाणी मुरेल तेवढेच विहिरीला मिळते, आणि उन्हाळ्यात तेही खोल जाते. परंतु आलेले पाणी पेल्यात पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, या प्रश्नाकडे मात्र तेवढे लक्ष गेले नाही. आमचे आजचे म्हणणे त्या एका प्रश्नापुरतेच आहे. जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेले शुद्ध पाणी आणि घरात प्यायले जाणारे पाणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जेथे पाणी रोज येत नाही, तेथे या दोहोंतले अंतर फार मोठे असते.

जालन्यातील अनेक वस्त्यांनी आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा येणाऱ्या पाण्यावर वर्षानुवर्षे संसार केले आहेत. पाणी येण्याच्या दिवशी लग्नाला न जाणारी, कामावर खाडा करणारी माणसे या सभागृहातही असतील. रोज पाणी न येण्याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता नसतो. नळात पाणी असते तेव्हा ते आतून बाहेर दाब देते. सांध्यात चीर असली तर पाणी बाहेर गळते, बाहेरची घाण आत शिरत नाही. पाणी बंद झाले की दाब नाहीसा होतो. मग तीच चीर उलटे काम करते. नळ गटाराच्या कडेने किंवा गटारातूनच गेलेला असेल, तर तेथील सांडपाणी नळात झिरपते आणि पुढच्या पाळीला पहिल्या धारेबरोबर घराघरांत पोहोचते. त्यात भर टिल्लू पंपाची. नळालाच थेट टिल्लू लावला की तो समोरचे पाणी ओढतो, आणि वाटेतल्या प्रत्येक चिरेतून जे मिळेल तेही ओढतो. टिल्लू लावणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. शेजाऱ्याने लावला की याच्या नळाची धार सुतासारखी होते, मग हाही लावतो. परंतु आपण शेजाऱ्याचे पाणी ओढतो आहोत एवढेच त्याला वाटत असते, गटाराचे ओढतो आहोत हे त्याच्या गावीही नसते.

गटाराचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की काय होते, याचा आपल्या देशातला सर्वांत मोठा धडा दिल्लीने १९५५-५६ च्या हिवाळ्यात घेतला. यमुनेच्या पुरानंतर प्रवाह बदलला आणि नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या उपसा केंद्राशी आले. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवले. त्यामुळे विषमज्वर व अतिसार यांची साथ आली नाही. परंतु काही आठवड्यांनी सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले होते, विषाणू तरले होते. तो विषाणू आज आपण हिपॅटायटिस ई या नावाने ओळखतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत याच काविळीची मोठी साथ आली. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात गुइलेन बारे आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, आणि पुणे परिसरातील रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. अनेकांना त्याआधी जुलाब झाले होते आणि संशय पाण्याकडे गेला. म्हणजे पुण्यासारख्या शहराच्या उंबरठ्यावरही हा प्रश्न सुटलेला नाही.

हिपॅटायटिस ई बद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही. धडधाकट पुरुषाला ही कावीळ झाली तर तो बहुधा काही आठवड्यांत बरा होतो. परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली, तर शंभरातील वीस-पंचवीस माता दगावू शकतात. अशा मातेच्या खाटेशेजारी उभे राहून नातेवाईक विचारतात, घरात सगळ्यांनी एकच पाणी प्यायले, मग हिलाच कसे झाले? त्याचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे अजून पूर्ण नाही. मात्र ज्या घरात गरोदर स्त्री आहे, त्या घरात तिच्यापुरते तरी पाणी उकळलेलेच असावे, हे सांगण्यास आम्हाला कसलाही संकोच वाटत नाही. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट तसेच ठेवावे, झाकण न काढता निववावे आणि त्याच भांड्यातून घ्यावे. गॅस महाग आहे हे आम्ही जाणतो. म्हणूनच घरभराचे पाणी नव्हे, एका माणसाचे दोन-तीन लिटर पाणी म्हणतो.

आता घरात येऊ. आठ दिवसांचे पाणी साठवायचे म्हणजे हौद, टिपाड, ड्रम, हंडे, कळश्या, जे असेल ते भरून ठेवावे लागते. आमच्या परिचारिका घरभेटींना जातात तेव्हा नळाच्या पाण्याचा एक नमुना घेतात आणि पिण्याच्या भांड्यातला एक. नळाचे पाणी निर्दोष आणि माठातले दूषित, हा अनुभव इतक्या वेळा आला की आता त्याचे आश्चर्य वाटत नाही. कारण शोधायला सूक्ष्मदर्शकाची गरज पडत नाही. माठावर ताटली असते, ताटलीवर पेला असतो. तहान लागली की पेला माठात बुडतो आणि पेल्याबरोबर बोटेही बुडतात. ती बोटे नुकतीच बाळाची शी धुऊन आलेली असतील, शेणाने सारवून आलेली असतील किंवा शाळेतून धुळीने भरून आलेली असतील. आपल्या आजीच्या घरी पाणी घेण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे होते, आणि ते खुंटीला टांगलेले असे. स्टीलचे पेले स्वस्त झाले आणि ओगराळे माळ्यावर गेले. आमच्या मते ते खाली काढावे, किंवा पिण्याच्या भांड्याला तोटी बसवून घ्यावी. या दोन्हींपैकी एकही गोष्ट सलाईनच्या एका बाटलीपेक्षा फार महाग नाही.

साठवणीच्या पाण्याला दुसरे एक दुखणे आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी करावीत, असे आरोग्य खाते सांगते. सल्ला योग्यच आहे. पण ज्या गल्लीत पाणीच दहाव्या दिवशी येते, तेथील गृहिणीला सातव्या दिवशी उरलेले पाणी ओतून टाका असे सांगण्याचे धैर्य आमच्या कार्यकर्त्यांना होत नाही, आणि झाले तरी कोणी ऐकणार नाही. तेथे आम्ही एवढेच सांगतो : टिपाडाच्या तोंडावर जुने धोतर किंवा साडी घट्ट बांधा, आणि पाणी संपेल त्या दिवशी आतली कड घासून काढा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि नुसत्या विसळण्याने जात नाहीत.

येथे एक कबुली देणे आम्हाला भाग आहे. घरोघरी नमुने घेत फिरणाऱ्या आमच्या विभागाने एका उन्हाळ्यात स्वतःच्याच वॉर्डातील पिण्याच्या पाण्याची क्लोरीन चाचणी केली. नळीत थेंब टाकल्यावर पाणी पिवळे व्हायला हवे होते, ते पांढरेच राहिले. गच्चीवर जाऊन पाहिले तर टाकीचे झाकण वाऱ्याने सरकलेले होते आणि आत पारव्यांची पिसे तरंगत होती. ते किती दिवस तसे होते, हे कोणालाच सांगता आले नाही, कारण टाकी पाहणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. रुग्णांना आम्ही ज्या पाण्याबद्दल उपदेश करत होतो, त्याहून वाईट पाणी त्यांना खाटेपाशी देत होतो. त्या दिवसापासून टाकीच्या झाकणाला कडी-कुलूप आहे. टाकी केव्हा धुतली त्याची तारीख तिच्यावर रंगाने लिहिली जाते, आणि सकाळच्या पाळीची परिचारिका वॉर्डातील नळाची क्लोरीन चाचणी करून वहीत नोंद करते. ही वही आपल्यापैकी कोणीही केव्हाही मागून पाहावी.

नळाच्या पाण्यावरचा विश्वास उडाला की लोक जारकडे वळतात. लग्नात, दुकानात, कचेरीत थंड पाण्याचे जार दिसतात. दुष्काळाच्या वर्षांत ते साध्या घरांतही पोहोचले. बोअरचे पाणी गाळून व गार करून जारमध्ये भरले जाते. चव चांगली असते, पण त्यात क्लोरीन उरलेले नसते. त्यामुळे जार नीट धुतला नसेल किंवा भरणाऱ्याचे हात स्वच्छ नसतील, तर पुढे त्या पाण्याचे रक्षण करणारे काहीच नसते. गारपणा म्हणजे शुद्धता, ही समजूत आम्हाला वारंवार भेटते.

घरोघरी शुद्धीकरण यंत्रे विकणारे प्रतिनिधी दोन प्रयोग करून दाखवतात. एकात मीटर पाण्यात बुडवून मोठा आकडा दाखवतात. तो आकडा पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा असतो. त्यात जंतूंचा काहीही संबंध नसतो. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी उत्तम धरतात आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. उलट, आकडा फक्त १०० असलेल्या पाण्यातही पटकीचे जंतू असू शकतात. दुसऱ्या प्रयोगात विजेच्या कांड्या पाण्यात घालतात आणि बघता बघता पाणी तांबूस-काळे होते. घरातील मंडळी घाबरून लगेच पैसे देतात. वास्तविक तो रंग कांडीच्या लोखंडाचा असतो. ज्या पाण्यात क्षार जास्त, त्यात वीज सहज वाहते आणि लोखंड लवकर झिजते, एवढेच. यंत्र वाईट असे आमचे म्हणणे नाही. विहिरीत नायट्रेट किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल तर त्याचा खरा उपयोग होतो. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते पाणी उकळून तर नायट्रेट उलट दाट होते, आणि वरचे दूध त्यात कालवून दिले तर तान्ह्या बाळाचे ओठ-नखे निळी पडू शकतात. परंतु एक पेला शुद्ध पाणी देताना हे यंत्र दोन-तीन पेले मोरीत सोडते, हे टँकरच्या जिल्ह्यात विसरून चालणार नाही. आधी पाणी तपासावे, मग यंत्र घ्यावे. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो.

मग सामान्य घराने करावे काय? आमच्या अनुभवाने क्लोरीनएवढे स्वस्त व सोपे साधन दुसरे नाही. क्लोरीनची गोळी किंवा द्रावण वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात गाळलेल्या पाण्यात घालावे आणि अर्धा तास थांबावे. हा अर्धा तास महत्त्वाचा आहे. गोळी टाकून लगेच पेला भरणारे पुष्कळ असतात. वासाची तक्रार सर्वत्र ऐकू येते. झाकलेल्या माठात रात्रभर ठेवल्यास वास बराच कमी होतो. थोडा वास राहिलाच, तर तो राखणदार जागा असल्याची खूण समजावा. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होते, म्हणून आधी तुरटी फिरवून निवळावे व गाळून घ्यावे. गाळण्याच्या कापडाबद्दल बांगलादेशातील मतलब भागात अभ्यास झाला होता. जुनी सुती साडी दुमडून तिच्या अनेक पदरांतून पाणी गाळले तेव्हा पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. साडी सगळे जंतू अडवत नाही, पण ज्या सूक्ष्म जीवांना पटकीचे जंतू चिकटून असतात त्यांना अडवते. जेथे काहीच मिळत नाही तेथे ऊनही उपयोगी पडते. स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून ती सहा तास कडक उन्हात पत्र्यावर आडवी ठेवली की बहुतेक जंतू मरतात. आभाळ असेल तर दोन दिवस ठेवावी. आपल्या जिल्ह्यात पाण्याची टंचाई असेल, उन्हाची कधीच नव्हती.

ग्रामपंचायतींमध्ये चित्र थोडे निराळे आहे. तेथे जलसुरक्षक नेमलेला असतो, टीसीएल पावडरची गोणी आलेली असते, आणि वर्षातून दोनदा स्रोतांची पाहणी होऊन गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. व्यवस्था चांगली आहे, पण ती गोणीपाशी अडते. उघड्या तोंडाची गोणी दमट खोलीत राहिली की पावडरमधले क्लोरीन उडून जाते. मग हजार लिटरला पाच ग्रॅमचे माप अगदी काटेकोर पाळले तरी पाण्यात पडतो तो निव्वळ चुना. उन्हाळ्यात आणखी एक प्रकार घडतो. टँकर गावात येऊन सार्वजनिक विहिरीत पाणी ओततो आणि शंभर पोहरे एकदम विहिरीत पडतात. टँकर भरताना घातलेले क्लोरीन विहिरीतल्या गाळात काही मिनिटांत संपते. टँकर रिता झाल्यावर विहिरीत पुन्हा टीसीएल टाकणे, हा या प्रश्नावरचा उपाय आहे आणि तो फुकटासारखा आहे. परंतु त्या गर्दीत, त्या रेटारेटीत अर्धा तास थांबा असे सांगणारा माणूस तितकाच खमक्या लागतो. काही गावांत हे काम बचत गटाच्या स्त्रियांनी हाती घेतल्याचे आम्ही पाहिले आहे, आणि त्यांचे गावाने ऐकलेही आहे. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून गावातल्या पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावातल्या त्या पाच कोण, हे प्रत्येक सरपंचाला तोंडपाठ असायला हवे.

बाळांविषयी थोडे सांगून आम्ही आवरते घेतो. सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला पाण्याचा थेंबही देऊ नये, वैशाखातसुद्धा नाही. आईच्या दुधात पुरेसे पाणी असते. त्यानंतर जुलाब झालेच तर ओआरएसची पुडी एक लिटर सुरक्षित पाण्यात विरघळवून घोट घोट पाजावी, चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे, आणि जस्ताची गोळी जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरी करावी. पुडी कपभर पाण्यात कालवून पाजण्याची चूक सुशिक्षित घरांतही होते आणि ती बाळाला घातक ठरू शकते.

विश्वस्तांना आमची विनंती एवढीच आहे. देणगीदार यंत्रासाठी देणगी देतात, कारण यंत्रावर नाव कोरता येते. तोटीच्या भांड्यावर नाव कोरण्याची सोय नाही. तरीही जुलाबासाठी दाखल झालेल्या प्रत्येक बालकाला घरी पाठवताना तोटीचे झाकणदार भांडे आणि महिनाभराच्या क्लोरीनच्या गोळ्या रुग्णालयाने द्याव्यात, असा प्रस्ताव आम्ही मंडळापुढे ठेवत आहोत. त्याचा खर्च पुढील अंदाजपत्रकात धरावा. त्याच मुलांपैकी किती जण पुन्हा दाखल होतात, याची नोंद आम्ही ठेवू आणि पुढील वर्षी याच सभेत, आकडा अनुकूल असो वा नसो, वाचून दाखवू.

सभागृहाच्या दाराशी एका टेबलावर लहान बाटल्या ठेवल्या आहेत. प्रत्येकीत औषध लावलेली कागदाची पट्टी आहे. ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ही सोपी पद्धत मांडली. आपल्या घरच्या पिण्याच्या भांड्यातले पाणी, नळाचे नव्हे, बाटलीवरील खुणेपर्यंत भरावे आणि घरातच उबदार जागी ठेवावे. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळे झाले तर बाटली उघडू नये. तशीच आमच्या विभागात आणून द्यावी आणि येताना आपल्या गल्लीत पाणी कोणत्या दिवशी येते, तेही सांगावे.